सव्वा मुठीचं भांडण

अक्का, आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. भांडण अर्धं टाकून उठायची खोड माझी होती. मी पाय आपटत स्वयंपाकघरातून बाहेर जायची आणि तुम्ही तिथेच बसून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, कणीक मळत राहायचात. मला खात्री असायची, की तासाभराने परत आले तरी तुम्ही तिथेच असणार आणि भांडण पुढे चालू करता येणार. पंधरा वर्षं तसंच झालं. यावेळी परत आले तर पाट रिकामा.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. परवाच्या रविवारी कॉलनीत कानबाईमाता बसली. नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे जळगावात काय गडबड असते ते तुम्हाला मी काय सांगू. आपल्या घरात यंदा रोट नाहीत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर करायचे नसतात, हे मला माहीत होतं. पण शनिवारी मी लॅबमधून घरी येत होते, तर चक्कीवाल्याने दुकानातूनच हाक मारली, "वहिनी, चक्की धुईपुसीसन ठेयेल शे. अक्कानं दळण कव्हय धाडतीस?" तो गावाला गेलेला होता म्हणे महिनाभर, त्याला काही कळलंच नव्हतं. मी सांगितलं. त्याने हातातला फडका खाली ठेवला आणि कितीतरी वेळ त्या धुतलेल्या चक्कीकडेच बघत राहिला. मग मीच तिथून निघाले, कारण आणखी थांबले असते तर रस्त्यात रडले असते आणि तुम्हाला ते आवडलं नसतं.

माझ्या माहेरी धुळ्याला रोट नव्हते. कानबाई पाहिली होती ती शेजारणीकडची, तीही दारातून. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तुम्हीच मला समोर बसवून सगळं शिकवलंत. पाटावर गव्हाची रास, समोर कोरं फडकं. घरात जितकी माणसं, तितक्या सव्वा मुठी गहू. एकेकाचं नाव घ्यायचं, एक मूठ भरून टाकायची, वर पाव मूठ. ते दळायचं, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, म्हणजे रोट, करायच्या, आणि त्या फक्त आपल्या घरच्यांनी, आपल्या भाऊबंदांनी खायच्या. उंबऱ्याबाहेर एक घास जायचा नाही. तुम्ही मुठी टाकल्यात. सासऱ्यांची म्हणजे नानांची, माझ्या नवऱ्याची, दिराची. तीन. मी म्हटलं, "अक्का, घरात माणसं तर पाच आहेत."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की या पोरीला शाळेत काही शिकवलंय की नाही. "माणसे म्हंजे गडीमाणसे वं. बाया कसाले मोजाना?"

"मग बायका काय करतात?"

"बाया लाटतस," तुम्ही म्हणालात आणि दोघीही हसलो. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नवीन घर, नवी सासू, सगळंच गमतीचं वाटत होतं. ती गोष्ट मी हसण्यावारी नेली, हे आता फार लागतं मला.

मग ईश्वरी झाली. तुम्ही तिला दोन्ही पायांवर पालथी घालून न्हाऊ घालायचात तेव्हा ती सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची, आणि तुम्ही तिच्या वरताण आवाजात तिला समजवायचात, "रड, रड, मोठी व्हयनी की वकील व्हशी!" मी तीन महिन्यांनी पुन्हा कामावर रुजू झाले ती तुमच्या जिवावर. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं, की तुझी सासू कशी आहे, तर मी म्हटलं असतं, तोंडाची फाटकी आहे पण माझी पोर तिच्याकडे टाकून मी दिवसभर लोकांची रक्तं तपासू शकते. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "धुळानी पोर शे, गोड बोलनी म्हंजे काहीतरी काम व्हई."

तुमच्या सकाळी आठवतात. शाळेची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न द्यायची तेव्हा ईश्वरीची एक वेणी झालेली, दुसरी व्हायची असायची. तुमच्या वेण्या एवढ्या घट्ट, की पोरीचे डोळे कानापर्यंत ताणले जायचे. "अक्का दुखतंय," ती म्हणायची. "दुखू दे, संध्याकाळलोंग सुटाव नही." व्हॅनवाला पुन्हा हॉर्न द्यायचा. तुम्ही खिडकीतूनच त्याला ओरडायचात, "ऊनी, ऊनी! तुना घोडा कसाले दामटी राहिना?" आणि तो बिचारा थांबायचा, कारण परवाच तुम्ही त्याला भरीत-भाकरी खाऊ घातलेली असायची.

पोरींना डब्यात नूडल्स हव्या असायच्या. तुमचा नूडल्सवर राग. पण नातींनी तोंड पाडलेलं तुम्हाला बघवायचं नाही, म्हणून तुम्ही त्या करायचात आणि वरून हिरव्या मिरचीचा ठेचा घालायचात. ईश्वरीच्या मैत्रिणी त्या डब्यावर तुटून पडायच्या, मग नाकाडोळ्यांतून पाणी गाळत नळाकडे पळायच्या. एकदा बाईंनी वहीत लिहून पाठवलं, कृपया डबा कमी तिखट द्यावा. तुम्ही नानांकडून ते वाचून घेतलंत आणि म्हणालात, "ती मास्तरीण आठली नही वाटतं." इथल्या माणसाला ठेचा तिखट लागतच नाही, हे तुमचं मत.

चिऊ झाली तेव्हा ईश्वरी चार वर्षांची होती. दवाखान्यात पुन्हा मुलगी म्हटल्यावर माझ्या नवऱ्याच्या आत्याने उसासा सोडला होता. तुम्ही तिला तिथल्या तिथे झापलंत. "इतला मोठा श्वास कसाले सोडस? ऑक्सिजन तुले लागेल शे का?" मी खाटेवर पडल्या पडल्या हसले आणि टाके दुखले. त्या दिवशी मला वाटलं होतं, ही बाई माझ्या पोरींसाठी जगाशी भांडेल. भांडलात सुद्धा. म्हणून तर मला पुढचं समजेना.

मे महिन्यात तुम्ही गच्चीवर बिबडे घालायचात. सकाळी सातलाच गच्ची तापलेली, ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचं पातेलं, जुनी धोतरं अंथरलेली, आणि दोन्ही पोरी काठ्या घेऊन कावळे हाकायला. कावळ्यांपेक्षा त्याच जास्त खायच्या. ओला बिबडा सोलून, त्यावर तेल आणि तिखट. तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचात. चिऊ तेव्हा तीन वर्षांची, तिला बिबड्याचं वाळलेलं आणि ओलं कळायचं नाही, ती सगळंच उचलायची, आणि तुम्ही म्हणायचात, "खाय वं माय, खाय, कावळासले सांग, आज सुट्टी शे." घरात तुमच्या या बोलीनेच पोरींचं तोंड फुटलं. चिऊने बालवाडीत "माले शू लागनी" म्हटलं तर बाई गोंधळल्या, आणि त्यावरून मी तुमच्याशी भांडले होते. ते भांडण तुम्ही जिंकलंत. ती अजूनही तशीच बोलते.

पण मला लिप्साची गोष्ट सांगायची आहे, कारण खरं भांडण तिथून पेटलं.

चूक माझीच होती. रोटांचा दुसरा दिवस, सोमवार. मला उशीर झालेला. पोळ्यांच्या डब्यात हात घातला, हाताला जे लागलं ते ईश्वरीच्या डब्यात भरलं. संध्याकाळी ती उड्या मारत आली, की आज लिप्साने माझ्या दोन पुरणपोळ्यांपैकी दीड खाल्ली. लिप्सा म्हणजे मागच्या गल्लीत राहणारी, ओडिशाहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातली तिची मैत्रीण. तुमच्या हातातला पेला तसाच राहिला. "व माय वं! रोट बाहेर गया!" तुम्ही देव्हाऱ्यापाशी जाऊन बसलात. अर्ध्या तासाने तुम्ही बाहेर आलात आणि ईश्वरीला जवळ घेतलंत.

"तिले आवडनं का?"

"खूप आवडलं अक्का. उद्या पण आण म्हणाली."

तुम्ही जरा विचार केलात. मग म्हणालात, "कानबाईना रोट खादा म्हंजे ती आते आपली भाऊबंद व्हई गई. तिले आठेच बलाव. घरमा बसीसन खावाले काय हरकत?" आणि तेव्हापासून दरवर्षी त्या सोमवारी लिप्सा आपल्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसायची आणि तुम्ही तिला दुधात पोळी कुस्करून द्यायचात. नियमाला वाट कशी काढायची ते तुमच्याकडून शिकावं. मी ही गोष्ट लॅबमध्ये सगळ्यांना सांगितली. फार अभिमान वाटला होता मला तुमचा.

आणि मग गेल्या वर्षीचा श्रावण. भुसावळहून दीर-जाऊ आलेले, त्यांचा श्लोक आठ महिन्यांचा, माझ्या मांडीवर. तुम्ही पाटावर बसून मुठी टाकत होतात. नानांची, मोठ्याची, धाकट्याची. मग श्लोककडे बघून हसलात आणि म्हणालात, "आनि ही मना नातूनी." ज्याला अजून दात नव्हते, त्याच्या नावाची सव्वा मूठ पडली. ईश्वरी शेजारीच उभी होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "अक्का, माझी कुठली?"

"तुनी नही ऱ्हास बेटा. पोऱ्यासनीच ऱ्हास."

तिने हट्ट केला असता, रडली असती, तर मला इतकं लागलं नसतं. तिने नुसती मान हलवली आणि चिऊला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. माझं डोकंच फिरलं. तशी दरवर्षी आपली थोडी चकमक व्हायचीच यावरून, ईश्वरीच्या जन्मापासून, आठ वर्षं. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, ओडिशाची लिप्सा दीड पोळी खाऊन तुमची भाऊबंद होते, आणि जिला तुम्ही पायांवर न्हाऊ घातलंत ती पोर कुणीच नाही?

"आंडेर उद्या दुसराना कुळमा जाई," तुम्ही हळूच म्हणालात. "हाऊ नेम मी नही करा. मन्ही सासूनी सांगेल शे."

"तुमच्या सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, अक्का. आता मूठ तुमची आहे."

तुमचा हात गव्हात होता. तो तिथेच थांबला. जाऊबाई भिंतीकडे बघायला लागल्या, नाना चष्मा पुसायला लागले. मग तुम्ही गव्हाकडेच बघत म्हणालात, "पुढला साल देखसूत."

मला वाटलं, 'बघू' म्हणून उडवून लावलंत. मी श्लोकला जाऊबाईंच्या हातात दिलं आणि गच्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी एक पोळी लाटली नाही, एक घास खाल्ला नाही. तुमचे गुडघे दुखत होते, तरी तुम्ही आणि जाऊबाईंनी सगळे रोट केलेत, हे खालून येणाऱ्या लाटण्याच्या आवाजावरून कळत होतं. मी खाली उतरले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाचा कप माझ्यासमोर ठेवलात आणि चिऊच्या खोकल्याविषयी बोलायला लागलात. मीही खोकल्याविषयीच बोलले. त्या विषयावर आपण पुन्हा तोंड उघडलं नाही. दिवाळी गेली, भरताचा हंगाम गेला, बिबडे घातले, शाळा सुरू झाली. शाळेच्या दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही दुपारी पडलात ते उठलाच नाहीत. चिऊ तुमच्या शेजारी झोपलेली होती. तिने मला फोन केला, "आई, अक्का ऊठी नही राहिनी."

तर अक्का, "देखसूत" म्हणजे काय? मी सगळ्यांना विचारून झालं. तुमचा मोठा मुलगा म्हणतो, अक्काचं देखसूत म्हणजे निम्मा होकार. ईश्वरीने सायकल मागितली तेव्हाही तुम्ही देखसूत म्हणाला होतात आणि दिवाळीला सायकल आलीच. नाना खाटेवरून म्हणाले, "चाळीस वरीस ऐकं मी ते. देखसूत म्हंजे नही." दोंडाईच्याच्या तुमच्या बहिणीकडे जायचं तुम्ही दर उन्हाळ्यात देखसूत म्हणायचात आणि एकदाही गेला नाहीत, हा त्यांचा पुरावा. बापलेकांची त्यावरून जुंपली. शेवटी नाना भिंतीकडे तोंड करून झोपले आणि त्यांचे खांदे हलत होते. मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

मला खरं तर तुमचा राग करायचा आहे. जमत नाही. रोज सकाळी ईश्वरीची वेणी मी घालते आणि ती व्हॅनपर्यंत पोचायच्या आत सुटते. "अक्काची सुटायची नाही," ती म्हणते, आणि माझ्या हातातून कंगवा घेऊन स्वतःच घालायला बसते.

परवा रविवारी, आजूबाजूच्या सगळ्या घरांतून पुरणाचा वास येत होता. लिप्सा येऊन दारात उभी राहिली, मग ईश्वरीने तिला कानात काहीतरी सांगितलं आणि ती परत गेली. मी म्हटलं, आपण खिचडी टाकू. तांदळाचा डबा काढला तर चिऊ स्टूल ओढत आली. तांदूळ मीच घेणार म्हणे, रोज मीच घेते. मी कामावरून येईपर्यंत तुम्ही दोघी कुकर लावून मोकळ्या व्हायचात, मला यातलं काही माहीत नव्हतं. तिने डब्यात हात घातला. पाच वर्षांच्या पोरीची मूठ ती केवढी, निम्मे दाणे बोटांतून गळत होते.

"नानानी मूठ," ती म्हणाली. "पप्पानी मूठ. आईनी मूठ. ताईनी मूठ. मनी मूठ."

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"अक्काने. बठ्ठासनी घ्यायची. नाहीतर कोणीतरी उपाशी राहतं." आणि तिने पुन्हा हात घातला. "अक्कानी मूठ."

ईश्वरी दारातून म्हणाली, "चिऊ, अक्का नाहीये ना आता. ती काढ." चिऊने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे.

खिचडी उरली. मी ओट्याशी उभी राहून ती खात होते आणि मनात तुमच्याशी भांडत होते, की रोजच्या कुकरात माझ्या पोरी मोजत होतात तर कानबाईपुढे का नाही मोजल्यात? हा तुमचा होकार होता, की नुसतीच खिचडी होती? उत्तर काही मिळणार नाही. न मिळू दे. पुढच्या वर्षीच्या श्रावणात पाटावर मी बसणार आहे. ईश्वरीची घेईन, चिऊची घेईन, जाऊबाईंची आणि माझीही घेईन. नाना काही बोलले तर ऐकून घेईन. चक्कीवाल्याला जास्त दळण होईल, एवढंच.

तुमची मात्र घेता येणार नाही. गेलेल्या माणसाची मूठ धरत नाहीत, हेही तुम्हीच सांगितलेलं. नवरा, दोन मुलगे, नातू, सगळ्यांच्या नावाने वर्षानुवर्षं तुम्ही मुठी भरल्यात. त्यांच्यासाठी लाटलंत, शिजवलंत, आणि फडक्यावर तुमच्या नावाचा एक दाणाही कधी पडला नाही. मी तिथेच समोर बसलेली असायची. आठ वर्षं माझ्या पोरींच्या मुठीसाठी तुमच्याशी भांडले, अक्का, आणि तुमची मूठ मागायचं मला एकदाही सुचलं नाही.